चिंगीच्या चुलीवरचं पुस्तक

पुणे, ता. २५ जून १९४३

नानीस मेहरुनचा सलाम.

पोचल्याचं पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. रतनबाईंना झटका आल्यावर त्यांच्या पुतण्याने मला बोलावलं ते जरा वाचून दाखवायला म्हणून. प्रत्यक्षात न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, मास्तरणीचं ट्रेनिंग सांभाळून सगळं मीच करते. बाईंची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर पुष्कळ शब्दही गेले. आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, पण चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाही. मला नुसतं "अगं" म्हणतात.

एक गोष्ट मात्र गेलेली नाही. दिवे लागले की विचारतात, "ती मुलगी वर आली का?"

कोण मुलगी, ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाई लहान असताना माहेरी एक पुस्तक वाचत होत्या. त्यात एक मुलगी विहिरीत पडते. नेमक्या त्या पानावर यांचं लग्न लागलं आणि पुस्तक माहेरी राहिलं. मोठेपणी तेच पुस्तक त्यांना जुन्या बाजारात दिसलं. घेतलं आणि लोणावळ्याच्या बंगल्यात कपाटात ठेवलं. उघडलं कधीच नाही. "भीती," म्हणतात. नाव आठवत नाही, पुठ्ठ्याचा रंग आठवत नाही.

मी म्हटलं, "आली हो बाई, वर आली." तर विचारतात, "कशी? कोणी काढली?" शाळेत पाठ न करता आलेल्या मुलीला अशाच धरत असतील. आणि मग स्वतःच रडू लागतात. खाल्लेलं बाहेर येतं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा निघणं अवघड आहे.

नानी, बंगला तू सांभाळतेस, त्या कपाटांची किल्ली तुझ्याजवळ आहे. तू दुसरीपर्यंत शिकलीस आणि बोट ठेवून वाचतेस, ते मला ठाऊक आहे. पण तिथे दुसरं आहे कोण? ते पुस्तक शोध. माझे हात जोडलेले समज.

तुझी मेहरुन


लोणावळे, ता. २ जुलै १९४३

माझ्या मेहरुनला नानीच्या खूप खूप दुवा.

तुझं पत्र हौशीराम पोस्टमनने इरल्याखालून काढून दिलं, तरी एक कोपरा भिजलाच. अगं, तू मला काम सांगितलंस की मेजवानी? मी तर आजवर त्या कपाटांतलं चोरून वाचत होते, आता हक्काने वाचीन.

तुला कसं सांगू, तुझे नाना होते तेव्हापासूनचा आमचा शिरस्ता. पाऊस लागला की शेगडी पेटवायची, एकेक पुस्तक तिच्यापाशी उघडून धरायचं, पान न् पान शेकायचं आणि वेखंडाची पूड घालून मिटायचं. इथल्या पावसात पुस्तकाला भाकरीसारखी बुरशी येते. नाना शेकायचे ते बंद डोळ्यांनी. मी मात्र पान उलटताना बघायची. आधी एक ओळ, मग दोन. मग पान करपायला लागायचं तेव्हा शुद्धीवर यायची. कोपरे तांबूस झालेली जेवढी पुस्तकं आहेत ना, तेवढी मला आवडलेली.

यंदा पंचाईत आहे. लढाईमुळे कोळसा मिळत नाही. वाडीतली माणसं भट्ट्या लावतात, पण ठेकेदार पोत्यानं उचलून नेतो. त्यातून उत्तरेकडची कौलं फुटली आणि मधलं कपाट भिजलं. मी आठ दिवस नुसती रडले. मग एकदा वाडीतल्या चिंगीकडे ताक आणायला गेले. तिच्या चुलीवर शिंक्यात बियाणं टांगलेलं, शेजारी सुके बोंबील, सगळं धुरात खडखडीत. मी म्हटलं, "चिंगे, बियाणाबरोबर माझं एक पुस्तक टांगशील?" ती म्हणाली, "टांग की. त्ये काय खातंय व्हय?"

आता वाडीतल्या प्रत्येक घरात चुलीवर एकेक दोन दोन पुस्तकं आहेत. हे बाईंना सांगू नकोस. त्यांना बोंबलाचा वास चालत नाही.

विहिरीतली मुलगी शोधायला कालपासून बसले. पहिलं निघालं ते स्वयंपाकाचं. त्यात विहीर नसणार हे कळत होतं, तरी पूर्ण वाचलं. बत्तीस प्रकारचे लाडू, मेहरुन, आणि साखर रेशनवर. वाचून पोट भरलं आणि नंतर जास्तच भूक लागली. दुसरं खुनाचं. त्यात विहीर आहे, पण तिच्यात सुरी पडते, मुलगी नाही. स्वयंपाक्याने मारलं हे मी आधीच ओळखलं, कारण तो मालकाला फारच गोड बोलत होता. तिसरं नाटक. माणसं बोलायच्या आधी दर वेळी त्यांचं नाव छापलंय, जसं काही आपण विसरून जाणार. अर्ध्यापर्यंत राग आला, मग सवय झाली, आणि शेवटी मी एकटीच सगळ्यांचे आवाज काढत होते. कोंबड्या खुराड्यात जाईनात.

बाईंना सांग, शोधते आहे.

नानी


पुणे, ता. ९ जुलै १९४३

नानी,

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं, चुलीचं वगळून. बाई म्हणाल्या, "लाडू पस्तीस." मग नाटकाचं ऐकून म्हणाल्या, "भिकार नाटक." त्यांना एवढं बोलताना ऐकून पुतण्या दारात येऊन उभा राहिला. नावं ठेवायला लागल्या की त्या पुन्हा आमच्या बाई होतात.

पण दिवे लागले आणि पुन्हा तेच. परवा त्यांनी माझं मनगट धरलं, डाव्या हातात अजून जोर आहे. म्हणाल्या, "पाणी गार आहे गं." आता त्या मुलीबद्दल बोलतात की स्वतःबद्दल, तेच कळेनासं झालंय. रात्रभर पाय गार पडतात, मी चोळत बसते.

मी इथल्या पेठेतल्या तीन दुकानांत विचारून आले. विहिरीत पडलेल्या मुलीचं जुनं पुस्तक म्हटल्यावर दुकानदार हसला. नाव सांगा, लेखक सांगा, म्हणाला. काय सांगू?

लाडवांवर वेळ घालवू नकोस, नानी. लवकर कर.

मेहरुन


लोणावळे, ता. १७ जुलै १९४३

मेहरुन, बेटा,

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण एखादं पुस्तक हातात धरून "तुझ्यात विहीर नाही, चल बाजूला हो" असं म्हणायला मला जमत नाही. पाहुणा दारात आला आणि आपण ज्याची वाट बघतो तो हा नव्हे म्हणून त्याला पाणीही न द्यायचं, असं वाटतं.

तरी भरभर वाचलं. एक प्रवासाचं निघालं. माणूस हिमालयात जातो आणि पानापानाला आपल्या बुटांबद्दल तक्रार करतो. एक मुलांचं, चित्रांचं. त्यात बेडूक विहिरीत राहतो, मजेत. एक भूगोल. त्यात आपल्या मावळाला अडीच ओळी, आणि त्यातली एक भाताची. एक म्हातारपणी मन शांत कसं ठेवावं याबद्दल. ते वाचून माझं मन इतकं अशांत झालं की चष्म्यावर बसले. काच शाबूत आहे, काडी दोऱ्याने बांधली. आणि एक लढायांची बखर. हिरीच्या चुलीवर ती होती. हिरीचा नवरा कान्हू म्हणाला, "आमच्या डोक्यावर टांगलंय त्यात काय हाय, त्ये आमाला कळाया नको का?" मग मी तिथेच बसून वाचली. आता ज्या घरात पुस्तक आहे त्या घरचे मला सोडत नाहीत. भाताच्या आवणीचे दिवस, कमरा मोडलेल्या, तरी चिखलाचे पाय घेऊन बसतात. ज्यांच्याकडे लाडवांचं पुस्तक आहे ते स्वतःला नशीबवान समजतात.

आता खरी गोष्ट. मधल्या कपाटातलं एक पुस्तक सगळ्यात जास्त भिजलं होतं. पुठ्ठा गेलेला, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. ते चिंगीकडे आहे. काल वरची चार पानं सुटली. त्यात एक मुलगी आहे. अजून विहीर नाही, पण तिच्या हातात घागर आहे.

मी पुढचं पान नखाने उचलायला गेले तर अक्षरंच नखाला आली. चिंगीने हात धरला. म्हणाली, "मावशी, कच्चं फोडू नगंस. आपसूक सुटंल." बाकीची सगळी पुस्तकं मी पाहिली. आता हेच राहिलं.

बाईंना सांग, मुलगी सापडली. घागर घेऊन निघाली आहे. थोडं थांबा.

नानी


पुणे, ता. २३ जुलै १९४३

नानी,

बाई थांबू शकत नाहीत.

घागरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "तीच." दिवसभर खुश होत्या, दोन चमचे पेज पोटात राहिली. संध्याकाळी विचारलं, "मग?" मी म्हटलं, पानं चिकटली आहेत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. काल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता नातेवाईकांना कळवा.

मी फार वाईट मुलगी आहे, पण विचारते. तू लिही, नानी. त्या मुलीला कोण काढतं, कसं काढतं, सगळं. पुस्तकातून उतरवल्यासारखं लिही. मी रचायला बसले तर दोन ओळींच्या पुढे जात नाही. मी कधी विहीर नीट पाहिली नाही, बंगल्यावरही नळ, इथेही नळ. मी रचलं की बाई विचारतात, "दोर कुठून आला?" आणि मी अडकते.

उलट टपाली पाठव. मी पोस्टमनच्या वाटेवर उभी आहे.

मेहरुन


लोणावळे, ता. २७ जुलै १९४३

मेहरुन,

रचायचं म्हणजे काय, ते मला आधी कळेना. छापलेलं ते खरं असं मी धरून चाललेली बाई. माझ्या लेखी तो गोडबोल्या स्वयंपाकी अजून कुठल्यातरी तुरुंगात आहे. त्यात मी माझ्या हाताने काही घालायचं म्हणजे दुसऱ्याच्या डाळीत आपली पळी घालण्यासारखं वाटलं. पण तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि इरलं घेऊन चिंगीकडे गेले.

मी विचारलं, "एक पोर विहिरीत पडली आहे, तिला कसं काढाल?"

सगळ्या एकदम उठल्या. हिरी तर दारापर्यंत गेली. "कुटं? कुनाची?"

मी म्हटलं, खाली बसा, पुस्तकातली आहे. तेव्हा बसल्या, पण चेहरे तसेच. मग जे भांडण झालं ते झालं. हिरी म्हणाली दोर टाकायचा. चिंगी म्हणाली, "बुडत्या पोरीच्या हातात दोर धरायाला ताकद ऱ्हाती व्हय? शानी का येडी?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी खाली लिहिते. लिहिताना बसून होत्या आणि प्रत्येक ओळ वाचून दाखव म्हणत होत्या. बाईंना एवढंच वाच, वरचं नको.

"मुलगी पाण्यात गेली तेव्हा काठावर तिची डोक्यावरची चुंबळ राहिली. शेजारची बाई पाण्याला आली. चुंबळ आहे आणि घागर नाही, हे पाहून तिने आत वाकून हाक मारली. आतून आवाज आला. मुलगी दगडाच्या कपारीला धरून होती. बाईने घरातली बाज आणली. चार पायांना चार दावी बांधली, गोठ्यातली, म्हणून गुरं मोकळी सुटली आणि भातात शिरली, त्याकडे कोणी पाहिलं नाही. चार कोपऱ्यांना चार बायका उभ्या राहिल्या. बाज हळूहळू सोडली, कुठल्याच बाजूला कलू दिली नाही. वरून एकसारखं बोलत होत्या, तुझं नाव काय, तुझी गाय काय देते, आज काय भाजी केली होतीस, कारण बोलणारं माणूस हात सोडत नाही. बाज पाण्याला टेकली. मुलगी आधी छातीने चढली, मग गुडघ्याने. वर आली तेव्हा ओठ काळेनिळे होते. चुलीपुढे बसवली, गोधडी दिली. पहिला शब्द बोलली तो असा, की घागर खालीच राहिली, आता आई रागावेल. सगळ्या हसल्या आणि मग रडल्या. घागर दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढली. तिला एक पोचा आला होता."

पोचा हिरीने घातला. म्हणाली, तेवढं नसलं तर कोणी खरं मानणार नाही.

हौशीरामला गाडी सुटायच्या आत थैलीत टाक म्हणून सांगितलं आहे. तो पळाला आहे, मेहरुन. त्याच्या गुडघ्यात वात आहे तरी पळाला.

नानी


पुणे, ता. ४ ऑगस्ट १९४३

नानी,

तुझं पत्र मिळालं. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. छान आहे म्हणाल्या. आता त्या रडत नाहीत. झोपून असतात. तू काळजी करू नकोस, पुस्तकांकडे लक्ष दे.

मेहरुन


लोणावळे, ता. १५ ऑगस्ट १९४३

माझ्या मेहरुनला दुवा.

पत्र मिळालं. इथे पाऊस उभा आहे, कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं. माझी एक दाढ हलते आहे, ती पडली की बखर वाचताना शिट्टी वाजेल असं कान्हू म्हणतो. लाडवांच्या पुस्तकाची दोन घरांत अदलाबदल झाली, त्यावरून अबोला आहे. वाडीतल्या बायका रोज विचारतात, बाईंना बाज पसंत पडली का. मी सांगते, पडली.

तू जेवतेस ना? अंगावर घालायला काही पाठवू का? बाईंच्या पुतण्याने ठेवून घेतलं आहे ना नीट? तुला यावंसं वाटलं तर ये. गाडीला गर्दी असते, पण बायकांच्या डब्यात जागा करतात.

मला बाकी काही विचारायचं नाही.

नानी


पुणे, ता. २ सप्टेंबर १९४३

नानी,

रोजे सुरू झाले. पहिल्या दिवशी पहाटे सहेरीला तुझी आठवण आली आणि मला खोटं पोटात ठेववेना.

तुझं पत्र आलं तेव्हा बाईंना नेऊन दोन दिवस झाले होते. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वर आली का?" मी म्हटलं, "नानीचं पत्र येतंय, बाई, उद्या येईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "उद्या" एवढं म्हणाल्या. अविश्वासाने म्हणाल्या की कसं, ते मला ठरवता येत नाही. रोज ठरवते, रोज बदलतं.

पत्र आल्यावर मी ते रिकाम्या खाटेपाशी बसून मोठ्याने वाचलं. पुतण्याची बायको दारात आली आणि परत गेली. तुला खोटं लिहिलं कारण हौशीराम धावला होता, आणि चिंगी, आणि सगळ्या. तुम्हाला काय सांगू, की बाज एवढी खाली सोडलीत पण तिथे कोणी नव्हतं?

पुतण्याने ट्रेनिंग संपेपर्यंत राहा म्हटलंय. बंगल्यातल्या पुस्तकांचं काय करायचं ते तुम्हीच बघा म्हणाला, त्याला जुन्या पुस्तकांतल्या कसरीने दमा होतो. पण मला आता वाचवत नाही, नानी. अक्षरं दिसतात आणि पाणी होतात. पुस्तक उघडलं की विहिरीचंच तोंड उघडल्यासारखं होतं. परीक्षा आहे आणि मी आठ दिवसांत एक धडा वाचला नाही. वर्गात बाईंचं नाव निघालं आणि मी उठून बाहेर आले.

मला माफ कर.

मेहरुन


लोणावळे, ता. १० नोव्हेंबर १९४३

मेहरुन, माझ्या बाळा,

दोन महिने पत्र लिहिलं नाही, मुद्दामच. ईद तुझ्यावाचून गेली, शेवया केल्या त्या चिंगीच्या घरी दिल्या. तुला नुसतं "माफ केलं" लिहून पाठवणं मला पुरेसं वाटेना. हातात काहीतरी असेल तेव्हा लिहावं म्हटलं. आता आहे.

बाई गेल्या हे मला तुझ्या चार ऑगस्टच्या पत्रातच कळलं. त्यांनी "छान" म्हटलं असं तू लिहिलंस. अगं, चाळीस वर्षं मी त्या बाईंना ओळखते. माझ्या निकाहातल्या बिर्याणीला त्यांनी नाव ठेवलं होतं. माझ्या दावणीच्या चार दोऱ्या ऐकून त्या म्हणाल्या असत्या, "बाजेचे पाय किडके असतील तर?" त्या जिवंत असत्या तर छान म्हणाल्याच नसत्या. तुझं पत्र वाचून मी चुलीपुढे बसले आणि मग वाडीत जाऊन, पडली हो पसंत, म्हणून सांगितलं. तू खोटं मला सांगितलंस, मी वाडीला. दोघी सारख्या.

आता ऐक. पाऊस गेला, उन्हं पडली, आणि दिवाळीनंतर ते पुस्तक उलगडलं. चिंगीच म्हणाली, "मावशी, सुटलं बग." पानं कडक झालेली, धुराने पिवळी, बोंबलाचा वास असा की मांजर मागे लागतं. सगळ्या जमल्या. मी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

ती वर येत नाही, मेहरुन.

पुस्तकात ती वर येत नाही. चुंबळ सापडते, लोक जमतात, बापाला बोलावणं जातं, आणि मग लिहिणारा दोन पानं भरून सांगतो की मुलींनी एकट्याने पाण्याला जाऊ नये. संपलं. बाई जे पुस्तक भीतीने उघडत नव्हत्या त्यात हेच होतं. पुस्तकावर असा राग मला कधी आला नव्हता. लाडू, बूट, बेडूक, सगळ्यांना मी घरात घेतलं होतं.

मग चिंगी म्हणाली, "ह्ये लिवनाऱ्यानं हीर कधी बगितली न्हाई. मानसं जमली म्हंतो, आन् येकालाबी बाज सुचली न्हाई? आमी न्हाई मानत."

हिरी म्हणाली, "आपली पोर वर आली हाय. तसं लिवून ठिवा."

मी म्हटलं, अगं, छापलेलं आहे. तर म्हणाली, "मग छापलंय त्याच्या म्होरं लिवा. त्यानं जागा सोडलीया की."

आणि खरंच, मागे दोन कोरी पानं होती. पण ओली होऊन वाळलेली, शाई फुटते. म्हणून मी आमचा शेवट चांगल्या कागदावर उतरवला, बाज, दावी, भातात शिरलेली गुरं, पोचा, सगळं. एक ओळ वाढवली, बाईंसाठी. शेजारणीने बाजेचे पाय आधी ठोकून पाहिले, असं. मग भाताची खळ केली आणि तो कागद शेवटच्या पानाला चिकटवला. लिहिणाऱ्याची दोन पानं फाडली नाहीत. कान्हू फाड म्हणत होता. मी म्हटलं, राहू दे, त्याचं त्याच्याजवळ.

बाईंना उशीर झाला. तो माझ्याकडून झाला, लाडवांमुळे झाला, की पावसामुळे, ते तू रोज ठरवतेस तसं मीही ठरवते. बदलतं. पण मेहरुन, तू त्या खाटेपाशी मोठ्याने वाचलंस ना, तेव्हा वरून बोलत राहणारी बाई तूच होतीस. हात सुटला तरी बोलणं थांबवायचं नसतं.

आता मीही काठावरून बोलते. तुझं नाव काय? आज काय भाजी केली होतीस? धडा कुठला आला आहे? पहिली ओळ काय आहे त्याची? ती मला उतरवून पाठव. एकच. दुसरी परवा पाठव. मला तो विषय काही कळणार नाही, पण मी सगळं वाचते, तुला माहीत आहे.

सुट्टीत ये. पुस्तकं वाडीतून परत आणायची होती, पण कोणी द्यायला तयार नाही. आणि हे पुस्तक तू वाचून दाखवायचं असं चिंगीने ठरवून टाकलं आहे, माझी दाढ पडली, शिट्टी वाजते. घाई नाही. खळ अजून ओली आहे म्हणून ते तिच्या चुलीवर पुन्हा टांगलं आहे.

नानी